षड्जावरचं टिंब

सा वरचं टिंब नव्हतं. गिरिजाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि भुजंगच्या कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातलं. बेचाळिसावी चीज, सारंग, तीनताल. सोळा मात्रांचे सोळा चौकोन, प्रत्येक चौकोनात एकेक सूर नव्या वर्गातल्या पोरीसारखा हात घडी घालून बसलेला. खाली शब्द, ‘सूखन दे चुनरिया’. ‘रे’, मग ‘म’, मग परत ‘रे’, आणि ‘दे’ या अक्षरावर ‘सा’. त्या सा च्या डोक्यावर टिंब हवं होतं. टिंब असलं की सूर वरच्या सप्तकातला, नसलं की मधला. पाचवीतल्या मुलीला त्या पहिल्या तासाला हे शिकवत असत. तिथे काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. तेही असं पांढरं, की त्यात आधी काही होतं याची शंकासुद्धा कुणाला येऊ नये.

“भुजंग, हे काय केलंस?”

“काय झालं बाई?” भुजंगने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “इंचाला सहाशे ठिपक्यांची इमेज काढून राह्यलो. आता पुण्यावाला नाव ठेवूच शकत न्हाई.”

पुण्यावाला म्हणजे छपाईवाला. गिरिजाबाईंनी त्याला पाहिला नव्हता, पण त्याची पत्रं पाहिली होती. तीन ओळींची पत्रं, त्यात ‘रिझोल्यूशन’ हा शब्द दोनदा. पहिल्या खेपेला भुजंगने काय केलं होतं, तर पडद्याचाच फोटो घेऊन पाठवला होता. त्यात बावीस चीजांच्या खाली तांबड्या नागमोडी रेघा आल्या होत्या, कारण मशीनला ‘नि सा रे’ हे शब्दच ठाऊक नव्हते आणि ते त्याला चुकीचं लेखन वाटलं होतं. आणि भैरवीच्या अंतऱ्यात माउसचा बाण मध्येच उभा होता, जसा काही तोही एक स्वर आहे. ते सगळं परत आलं. दुसऱ्या खेपेला इमेज नीट काढली, पण खालची कड इतकी जवळ कापली की खालच्या सप्तकाची सगळी टिंबं आणि तालातल्या खालीचं शून्य पानाबाहेर गेलं. तेही परत आलं. गिरिजाबाई दोन्ही वेळा अंबडहून एस.टी.ने जालन्याला आल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्यांनी या दुकानाकडे नव्याने पाहिलं होतं. भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. प्रत्येक पत्रिकेवर तोच गणपती, तीच सोंड, तीच चोरबाजारी फुलांची वेल. खताच्या दुकानांची बिलबुकं. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी दशक्रियेचं पत्रक, त्यातल्या मयताचा फोटो इतका धुवून काढलेला, की मेलेला माणूस नवरदेवासारखा दिसत होता. अशा ठिकाणी त्यांच्या पंचेचाळीस चीजा छापायला तयार होत होत्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हापासून जुन्या विद्यार्थिनींनी हट्ट धरला होता, बाई, पुस्तक काढाच. त्यातल्या एकीलाही आता तानपुरा लावता आला नसता. एकीने तर विचारलं, बाई, सोबत कॅसेट येईल का, म्हणजे वाचावं लागणार न्हाई.

“इथे सा वर टिंब आहे,” गिरिजाबाई पडद्यावर बोट आपटत म्हणाल्या. “वहीत आहे. तू खाल्लंस.”

“म्या कशाला खाऊ? कचरा होता, काढला.”

“कचरा?”

“तुमच्या वहीच्या पानायचे म्या आधी स्कॅन घेतले ना बाई. डाव्या हाताला स्कॅन, उजव्या हाताला सॉफ्टवेअर, पाहून पाहून भरायचं. मंग त्याच्यात जे डाग, भोकं, घड्या, ते सोडून द्यायचं. हा डाग होता.”

डाग. गिरिजाबाई हसल्या. हे हसू त्यांच्याकडे पस्तीस वर्षं होतं आणि ते शाळेत प्रसिद्ध होतं. ते हसू आलं की मुली रडायच्या. या माणसाची बहीण त्यांच्या हाताखाली होती, टेंभुर्णीची, नाकात गाणारी. तिला त्यांनी दुसऱ्या रांगेत ओठ हलवायला उभं केलं होतं. हा त्या घरातला. याला टिंब म्हणजे डाग. याच्या डोळ्यांना फक्त घाण कळते, कारण जन्मभर याने दुसऱ्यांच्या लग्नातले डाग पुसले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

त्या टिंबावर तर अर्धा जिल्हा त्यांना ओळखत होता. रे वरून एकदम वरच्या सा वर उडी. मध्ये पायरी नाही, आधार नाही. ‘दे’ म्हणता म्हणता आवाज असा वर फेकायचा, की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. परतूरच्या मोंढ्यातल्या, बाजारपेठेतल्या गणपतीत, अंबडच्या वकिलांच्या संमेलनात, जिथे जिथे त्या गायल्या तिथे तिथे त्या उडीला टाळी पडली. टाळी देणारे कोण, तर सरकीचे व्यापारी. पण टाळी पडली. नंतर आठ वर्षं मुलींनी तीच उडी स्पर्धेत मारली, बक्षिसं आणली. कुणाची पोचायची, कुणाची मध्येच फाटायची. ज्यांची फाटायची त्यांच्याकडे पाहून गिरिजाबाई ते हसू हसायच्या.

चीज गुलाम नबींची. एक्क्याऐंशी सालातला उन्हाळा. गिरिजाबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या, विशारद, नोकरीत कायम, आणि चीजा गोळा करायला निघालेल्या. शिकायला नव्हे. शिकायचं काय, त्या माणसाला स्वरलिपी वाचताही येत नव्हती. तो लग्नात पेटी वाजवायचा, उरसात गायचा, व्यापाऱ्यांच्या पोरींना ‘सा रे ग’ घोकायला लावायचा. पण त्याच्या पोटात निजामाच्या राज्यातल्या, कुठल्या कुठल्या जागच्या चीजा होत्या. गिरिजाबाई दुपारी शाळा सुटली की जायच्या. अंबडला गुळाच्या वखारीमागे त्याची दोन खणांची खोली. तट्ट्याचं दार. आत आमिना, त्याची बायको, चुलीपाशी. गिरिजाबाई सोबत स्वतःचं आसन न्यायच्या, ते अंथरायच्या, वही उघडायच्या आणि म्हणायच्या, “हं, गा.” तो तीनदा गायचा. पहिल्या खेपेला त्या शब्द उतरवायच्या, दुसऱ्या खेपेला सूर, तिसऱ्या खेपेला मात्रा. मग वही मिटायच्या. चीज त्यांच्या दृष्टीने आली. गळ्यावर चढवायची ती नंतर, सवडीने, कधी तरी. पाणी भरून ठेवावं तसं त्यांनी ते भरून ठेवलं. गुलाम नबी एकदा म्हणाला, “बाई, एकदा माझ्यासंगं म्हणून तर पाहा. कागद पिऊन कुणाची प्यास भागली न्हाई.” त्या म्हणाल्या, “तुमचं तुमच्यापाशी. माझं काम झालं.” आणि तो माणूस हसला होता, तोंडभर, पान खाल्लेल्या दातांनी, जसा काही त्यांनी विनोद केला. शहाऐंशी साली तो मेला. त्यानंतर त्यांनी वह्या काढल्या आणि एकेक चीज पेटीवर बसवली. कागदावरून.

“बाई, चहा सांगू?” भुजंग म्हणाला.

“टिंब लाव.”

“लावतो ना. मला काय, एक बटन दाबायचं. पण तुम्ही एकदा पाहून घ्या, म्हणजे मंग म्हणायला नको, की भुजंगनं वाढवलं.”

त्याने डाव्या हाताचं पान मोठं केलं. वहीचं पान पडद्यावर पसरलं, पिवळसर, रेघांचं. त्यांचं तेव्हाचं अक्षर. काय टोकदार अक्षर होतं. मग त्याने ते दुप्पट केलं, चौपट केलं, आठपट केलं. ‘सा’ चा काना खांबाएवढा झाला. निळी-काळी शाई कागदाच्या धाग्यांत पाझरलेली दिसायला लागली, कडेला बारीक केस फुटल्यासारखी. शेजारच्या चौकोनातल्या ‘नि’ खाली त्यांनीच दिलेलं टिंब होतं. तेही निळं-काळं, तेही पाझरलेलं, आणि एका बाजूला शेपूट आलेलं, कारण त्यांची टिंब देण्याची लकबच तशी होती, टेकवून किंचित ओढायचं. आणि सा च्या वर एक तपकिरी गोळी होती. ती पाझरली नव्हती. ती कागदावर बसली होती. तिला सावली होती.

“हे बघा. बाकीचे सगळे टिंब निळे. हे एकटं भुरं. आणि शेपूट न्हाई.” भुजंगने पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. “माशी बसली अन् घाण करून गेली बाई. आमच्या घरी लायटीच्या वायरवर असेच राह्यते. लग्नपत्रिकेच्या जुन्या फोटूत तर निस्तं हेच पुसत बसतो मी. आजोबाच्या नाकावर, आजीच्या गालावर.”

वर पंखा कुरकुरत होता. गुळाची वखार. त्या उन्हाळ्यात वखारीमागे माश्या एवढ्या असत, की गुलाम नबी एका हाताने पेटीचा भाता मारायचा आणि दुसऱ्या हाताने स्वर धरता धरता मध्येच हवा हाकलायचा. गिरिजाबाईंना त्याची किळस यायची. त्या घरी आल्यावर पातळ बदलायच्या. वही मात्र तशीच कपाटात ठेवायच्या. आमिना कधी कधी येऊन त्यांच्या वहीवर हातपंखा हलवायची, त्यांच्या अंगावर नव्हे, वहीवर, आणि त्यांना ते उगाच लगट केल्यासारखं वाटायचं. एकदा त्या म्हणाल्याही होत्या, “राहू दे गं, कागद उडतोय.”

पण माशी पुष्कळ ठिकाणी बसते. माशी बसली म्हणून तिथे टिंब नव्हतं असं थोडंच आहे? खाली त्यांचं टिंब असेल, वर माशी बसली असेल. गिरिजाबाईंनी हे मनात म्हटलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण असली सबब परीक्षेत एखाद्या मुलीने दिली असती तर त्यांनी तिला बाहेर काढलं असतं. आणि मग, कुणी न बोलावता, त्यांना हात दिसला. गुलाम नबीचा डावा हात. तो ‘दे’ वर येताना भाता सोडायचा आणि पालथा पंजा हवेत असा खाली न्यायचा, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा. तीनही वेळा. तिसऱ्या वेळी तर तो डोळे मिटून होता. ‘सूखन दे’. वाळू दे, वाळू दे. खाली, घरी, आपल्या जागेवर येणारा सा. उडी नाहीच. एवढी वर्षं त्यांना तो हात आठवत होता, आणि त्यांनी त्याची गणती अडाणी माणसाच्या हातवाऱ्यांत केली होती.

गौहरही तसाच हात करायची. गौहर त्याची मुलगी. अठ्ठ्याऐंशी साली शाळेचा रौप्यमहोत्सव होता. मुख्याध्यापिका प्रभावतीबाईंना गोडगोड कल्पना सुचायच्या. त्यांनी गौहरला बोलावलं, वडिलांची चीज म्हणायला. सव्वीस वर्षांची पोर, शिवणकाम करणारी, सुताचे धागे ओढणीला चिकटलेले. रंगीत तालमीला सगळ्या मुली, सगळ्या बाया हॉलमध्ये बसलेल्या. गौहर ‘दे’ वर आली आणि खाली आली. गिरिजाबाईंनी पेटी थांबवली.

“इथे वरचा सा आहे.”

“न्हाई बाई. अब्बा खालीच यायचे.”

“वहीत आहे. तुझ्या अब्बांच्याच तोंडून उतरवलंय.”

“वहीला काय कान असतेत का बाई?” गौहर हे उद्धटपणे बोलली नव्हती. तिने खरंच विचारलं होतं. पण मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं.

तेव्हा गिरिजाबाईंनी ते हसू काढलं. “आवाज पोचत नाही म्हणून खाली येतेस, आणि नाव बापाचं सांगतेस,” त्या म्हणाल्या. “बस खाली.” गौहर एकदा प्रभावतीबाईंकडे बघून राहिली. प्रभावतीबाई हाराच्या फुलांचा हिशेब माळ्याला विचारायला लागल्या. गौहरने ओढणी डोक्यावर घेतली, चपला हातात घेतल्या आणि हॉलच्या बाहेर जाऊन पायात घातल्या. महोत्सवात चीज गिरिजाबाईंनीच म्हटली. पहिली टाळी त्या दिवशी पडली. त्यानंतर गौहर कुठे गायल्याचं कुणी ऐकलं नाही. अंबडच्या बसस्टँडसमोर तिचं पिको-फॉलचं दुकान आहे. गिरिजाबाई आपल्या साड्या फॉल लावायला जालन्याला आणतात.

त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. अगदी हळू, पंख्याच्या आवाजाखाली. रे, म, रे. आणि गळा वर गेला. आपोआप. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून. रे, म, रे, आणि पुन्हा तेच. सहासष्टाव्या वर्षी आता तो वरचा सा पुरता लागतही नव्हता, नुसती चिरफळी निघाली, पण गळा खाली यायला तयार नव्हता. खालची वाट त्याला ठाऊकच नव्हती. ज्या सुरावर कुठलाही भिकारीसुद्धा सहज येऊन बसेल, त्या सुरावर त्यांना येता येत नव्हतं.

“व्वा बाई!” भुजंग म्हणाला. “या वयात!”

गिरिजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. मूर्ख. सगळे असेच मूर्ख होते, मोंढ्यातले, वकील, प्रभावती, बक्षिसं देणारे ते औरंगाबादचे परीक्षक. इतकी वर्षं एका माशीच्या घाणीला टाळ्या देत आले. आणि त्या सगळ्यांना आपण मूर्ख समजत होतो ते बरोबरच होतं. फक्त आपण त्यांच्यात कुठे उभ्या होतो, हे त्यांनी मोजलं नव्हतं.

“मंग टिंबाचं काय करू? ठेवू का काढू?” भुजंगचा हात माउसवर होता. “आज सीडी मारून कुरिअरला टाकायची. पुण्यावाल्यानं उद्याची तारीख दिली.”

काढलं, तर काय होईल? पुस्तक शाळेच्या हॉलमध्ये निघणार. त्याच हॉलमध्ये. त्या आठ वर्षांतल्या मुली, आता बाया झालेल्या, बेचाळिसावं पान उघडणार. एक तरी विचारेल, बाई, आपली उडी कुठे गेली? मग सांगायचं. वखार सांगायची, आमिनाचा पंखा सांगायचा. आणि एका वाक्यात गौहर सांगावी लागेल. ते वाक्य कितीही लहान केलं तरी त्यात ‘चुकले’ हा शब्द येणार होता. गिरिजाबाईंनी तो शब्द हजारो वेळा उच्चारला होता, पण नेहमी दुसऱ्याकडे बोट करून. आणि ठेवलं, तर काहीच होणार नव्हतं. पुस्तक वाचणाऱ्याला कळणार नाही. ज्या एका माणसाला कळेल, तिला ही लिपी वाचता येत नाही. ती पुस्तक उघडणारच नाही. या विचाराने त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं हे त्यांनी पाहिलं.

“ठेव,” त्या म्हणाल्या.

“पक्कं?”

“पक्कं. मला शिकवू नकोस.”

“म्या कोण शिकवणारा,” भुजंग म्हणाला आणि त्याने एक बटन दाबलं. सा च्या डोक्यावर टिंब आलं. मग त्याने इमेज काढली आणि मघासारखीच मोठी करून दाखवली, दुप्पट, चौपट, आठपट. काळंभोर, वाटोळं, सोनाराने ओतल्यासारखं. कडा कुठे फाटली नव्हती. शेजारच्या खऱ्या टिंबात आणि त्यात काडीचा फरक उरला नव्हता. दोघांनाही शेपूट नव्हतं.

“आता बराबर,” भुजंग समाधानाने म्हणाला. “कितीबी मोठं करा. एकदम साफ.”

परतीच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. वही मांडीवर होती. बेचाळिसावी चीज त्यांनी उघडली तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती आणि रस्त्याच्या कडेची कपाशीची पळाटी उन्हात उभी होती. चष्म्यातून ते टिंब टिंबासारखंच दिसत होतं. त्यांना एकदम आशा वाटली. शाई असेल. भुजंगचं मशीन ते काय. त्याचं काम दोनदा परत आलं. शाई असेल तर निघणार नाही. शाई कागदात उतरलेली असते. त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख टिंबाच्या कडेला लावलं. ओरबाडावं लागलं नाही. खरवडावंही लागलं नाही. गाडीने खड्ड्यात हिसका दिला आणि ते आपणहून सुटलं. खाली कागद होता, पिवळसर, कोरा, रेघेसकट. सा त्यांच्या टोकदार अक्षरात मोकळा उभा होता, डोक्यावर काही नसलेला, एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी लिहिला होता तसा. त्यांनी बरोबर लिहिलं होतं. त्यांच्या कानांनी बरोबर ऐकलं होतं. फक्त नंतर त्यांनी कानांना विचारलं नव्हतं.

नखाच्या टोकावर ती तपकिरी कपची राहिली होती. मोहरीच्या अर्ध्याचीही अर्धी. ती फुंकून टाकायची म्हणून त्यांनी हात वर उचलला आणि फुंकलीच नाही. रुमालाला पुसावी तर रुमाल धुतलेला होता. सीटच्या गजाला पुसावी तर पुढच्या सीटवरची बाई वळून पाहत होती. अंगठा तसाच वेगळा धरून त्या बसून राहिल्या, आणि पुस्तकाच्या सीडीचं पाकीट एव्हाना कुरिअरवाल्याच्या पोत्यात पडलं असेल, असं त्यांच्या मनात आलं.

अंबडला गाडी स्टँडच्या तोंडाशी अडली. पुढे दुसरी गाडी आडवी होती, कंडक्टर खाली उतरून ओरडत होता. समोर गौहरचं दुकान. मशीनवर ती वाकली होती, केस पुढून पांढरे झालेले, एका पिवळ्या साडीचा काठ तिच्या हाताखालून सरकत होता. गाडी फार वेळ उभी राहिली तशी तिने मान वर केली. खिडकीत गिरिजाबाई दिसल्या. इतक्या वर्षांत कधी समोरासमोर आल्या की गौहर सलाम करायची आणि गिरिजाबाई मान किंचित हलवायच्या. दोन बोटांएवढी, त्यापेक्षा जास्त नाही. आताही गौहरने साडी सोडली, उजवा हात उचलून कपाळाला लावला, आणि तो खाली आणताना पालथा पंजा हवेतून सावकाश मशीनवर ठेवला.

गिरिजाबाईंचा हात वर जायला निघाला होता. त्यांनी तो पदराखाली घेतला आणि अंगठा मुठीत धरला.